अजून एक वायनरी

अरे, आमच्या अमेरिकेतल्या फिंगर लेक्सच्या ट्रिपची गंमत ऐका. मी आणि माझी बायको नेहा, दोघंच. तिला नुकतंच लायसन्स मिळालेलं, पण पार्किंग लॉटबाहेर गाडी काढायला घाबरायची. पहिल्याच वायनरीत मी जरा जास्तच वाइन टेस्टिंग केलं. आता ड्राइव्ह कोण करणार?

"किल्ली दे," नेहा म्हणाली. "आणि एक शब्द बोलायचा नाही!"

तळ्याकाठचा वळणावळणाचा रस्ता. मी श्वास रोखून बसलेलो. दोन गावं मागे पडल्यावर तिने काच खाली केली आणि ओरडली, "अरे, मी चालवतेय!"

संध्याकाळी म्हटलं, "माझी कधीच उतरली. आता मी चालवतो."

तिने झटकन पुढच्या वायनरीत गाडी वळवली.

"पी ना रे अजून थोडी, प्लीज!"