बीटावरचा पाहण्याचा कार्यक्रम

भाचीचं चांगलं स्थळ माझ्या लॅपटॉपनं घालवलं, असं माझा भाऊ सांगत फिरतो. आता माझंही ऐका.

लॅपटॉप जुना आहे. कंपनीनं त्याला नवी सिस्टिम देणं बंद केलं, म्हणून मीच ती टाकली. तीही बीटा, म्हणजे अजून तपासणीत असलेली, अर्धीकच्ची. मला कोणी शिकवलं नाही, माझी मी शिकले.

माझ्या भाचीला, प्रणालीला, पाहायला उमरेडचा मुलगा व्हिडिओवर आला. शेजारी त्याची आई. ती लगेच म्हणाली, "ताई, तुमची मुलगी उलटी दिसून राहिली. डोकं खाली!"

भाऊ माझ्यावर उखडला, "आजच्या दिवशी तरी धड काही वापरायचं होतं!"

"बोंबलू नको. लॅपटॉप उलटा धर," मी म्हटलं.

तेवढ्यात मुलगा पुढे सरकला. "काकू, जुन्या मशीनवर बीटा टाकला का?"

"टाकला. काहून, टाकू नये?"

"माझाही कॅमेरा असाच उलटला होता. मी कॅमेरा चालवणारा जुना प्रोग्राम, ड्रायव्हर, टाकला."

"तो मी टाकला, तर आवाज गेला."

"माझाही गेला!"

मग आमचं जे सुरू झालं, त्यात चहा निवला. शेवटी त्याची आई म्हणाली, "अरे, मुलीले काही विचार ना!"

त्यानं विचारलं, "तुम्ही कोणती सिस्टिम वापरता?"

दुसऱ्या दिवशी प्रणालीनं नकार कळवला. मी म्हटलं, "काहून वं? पोरगा चांगला होता."

"होता ना," ती म्हणाली. "पण आत्या, तुझ्यासारखं एक माणूस मले पुरे आहे."