आमच्या झोळीतला बिघाड

हसायचं तर हसा, पण यात मूर्ख मीच आहो. शाळेत नवीन प्रोजेक्टर आलता, अन् मी दहावीले पडद्यावर कॉम्प्युटरातला लंबक दाखवून राह्यलो होतो. एकदा झोका दिला की तो आपला हलतच राहे.

मागून प्रणाली उठली. "सर, हा थांबत काऊन नाई? माह्या तान्ह्या भावाची झोळी तर झोका देणं सोडलं की थांबते."

पोट्टे हसले. मले वाटलं, ही तास बिघडवून राह्यली. म्हटलं, "बस खाली. कॉम्प्युटर चुकत नाई, तुही झोळी चुकत असन."

त्यानंतर तिनं कधी हात वर केला नाई.

दोन वर्षांनी एका नव्या मास्तरले तेच दाखवताना मले पडद्याच्या कोपऱ्यात बटण दिसलं. त्यावर 'घर्षण' लिहिलं होतं, अन् ते बंद होतं. चालू केलं, तर लंबक हळूहळू थांबला.

परवा प्रणाली आंजीच्या बाजारात भेटली. आता आर्ट्सले आहे. मी म्हटलं, "बाई, त्या झोळीचं तुहंच बरोबर होतं."

"जाऊ द्या ना सर," ती म्हणाली. "मी तर त्या दिवशी घरी जाऊन झोळीची गाठ सोडून परत बांधली होती."