कापसाच्या खोलीत ठेवलेली गाडी

दिनांक १९ मार्च २०१६

मी सुरभी गोविंदा भोयर, वय ३१ वर्षे, धंदा शेती व शिवणकाम, राहणार मौजा पिंपळवाडी, तालुका दिग्रस, जिल्हा यवतमाळ. नावाआधी सवयीने 'सौ.' लिहिले गेले होते, ते मी खोडायला सांगितले.

माझे पती गोविंदा भगवानराव भोयर यांच्या मरणाबाबत विचारपूस झाल्यावरून मी ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, घरी मी, माझे पती व सासरे भगवानराव असे तिघे राहत होतो. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. शेती मामाजी पाहतात. पतींचे दिग्रसला मोटारपंप दुरुस्तीचे दुकान होते. दुकानात धरमसिंगभाऊ त्यांचे भागीदार आहेत.

यंदा कापसाला भाव नाही म्हणून आम्ही अर्धा कापूस विकला नाही, घरातल्या पुढच्या खोलीत भरून ठेवला. दरवर्षी ठेवतो. गावात ज्याच्याकडे खोली आहे तो ठेवतोच. मागच्या बाजूला आढ्यापर्यंत आणि दाराजवळ कमरेइतका कापूस होता. आमची जुनी मोटारसायकलही रोज त्याच खोलीत दाराशी उभी राहायची. पाहुणे आले तर त्याच कापसावर चादर टाकून झोपतात. अंगाला खाज सुटते, पण झोप चांगली लागते.

पतींना टायगर नावाच्या विलायती गाडीची आवड होती. ही डोंगरात, दगडाधोंड्यांत चालणारी उंच मोटारसायकल आहे. नागपूरच्या एका डॉक्टरांनी ती घेतली, पण त्यांचे पाय जमिनीला पुरेनात, म्हणून गाडी त्यांच्या बंगल्यात नुसती उभी होती. माझ्या पतींची उंची सहा फुटांच्या वर होती. मला पाहायला आले तेव्हा आमच्या दाराची चौकट त्यांच्या कपाळाला लागली आणि माझी आई हसली होती. डॉक्टरांनीही त्यांना गाडीवर बसलेले पाहून लगेच होकार दिला, असे धरमसिंगभाऊ सांगतात.

शेतकऱ्याच्या घरात एवढी गाडी कशाला, असे मला विचारण्यात आले. आवडली म्हणून घेतली. डॉक्टरांनी घेतली तेव्हा त्यांना हे कोणी विचारले नसेल. गाडीसाठी कर्ज काढले नव्हते. दुकानातल्या कमाईत आणि जुनी गाडी विकून ती आली. तिच्यावर लडाखला जाऊन येऊ असे ते म्हणत. "तुमी जा, मी कापूस राखते," असे मी चिडवायची. मला खरेच जायचे होते, हे त्यांना माहीत होते.

दिनांक १४ रोजी पती आणि धरमसिंगभाऊ रात्रीच्या बसने नागपूरला गेले. दिनांक १५ रोजी सकाळीच कागदपत्रे झाल्यावर गाडी घेऊन निघाले आणि वर्धा-यवतमाळ मार्गे, कुठे फार न थांबता, दुपारी उन्हात गावात आले. आवाज ऐकून सगळी आळी गोळा झाली. पोट्टे हॉर्न वाजवत होते, आरशात तोंड पाहत होते. मी म्हटले, "हे गाडी हाय का उंट? चढाले स्टूल लागते." पती म्हणाले, "स्टूल कायले, मी हाय ना." चारचौघांत असे बोलले म्हणून मी आत निघून गेले. मी गाडीवर बसले नाही.

आमच्या समोर मैनाबाई राहतात. त्यांचे पती श्रावणभाऊ यांनी त्याच आठवड्यात फवारणीचे औषध घेऊन जीव दिला होता. तेरवी व्हायची होती. गाडीचा गलका ऐकून मैनाबाई दारात आल्या आणि परत आत गेल्या. ते मामाजींनी पाहिले. ते पतींना म्हणाले, "बापू, गाडी अंदर घे. समोर सुतक हाय. तिच्या दारापुढं आपली शान नोको." पती लगेच म्हणाले, "हो बाबा, मले सुचलंच नाही."

मामाजींचे हे म्हणणे चुकीचे होते असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. मीही तेच म्हटले असते. ते आधी बोलले, एवढेच.

गाडीचे हँडल रुंद होते. कापूस मागे लोटून जागा केली आणि गाडी तिरपी करून आत ढकलली. तेव्हा ढीग घसरून चाकांवर आणि खालच्या भागावर आला. तो कोणी काढला नाही. या गाडीच्या पोटाखाली सायलेन्सरचा मोठा डबा असतो आणि लांबून आल्यावर तो बराच वेळ निवत नाही, हे आम्हाला माहीत नव्हते. जुन्या गाडीने कधी काही केले नाही, म्हणून ही पण काही करणार नाही, असे सगळ्यांनीच धरले. पंप दुरुस्त करणाऱ्या दोघांनीही धरले.

जेवण झाल्यावर पती म्हणाले, "रातभर झोप नाही मले, गाडीच्याच विचारात होतो. घडीभर पडतो तिच्यापाशी. चहाले उठव." पोरे सारखी आत घुसत होती म्हणून त्यांनी आतून कडी लावली. ते पोरांना दटावत हसत होते, ते मी ऐकले. त्यांचा तोच आवाज शेवटचा.

मी मागच्या अंगणात शिलाई मशीनवर बसले होते. चहा ठेवायला उठले तेव्हा करपल्याचा वास आला. चूल तपासली, चूल विझलेली होती. पुढे आले तर कौलांतून धूर निघत होता. कापूस आधी आतल्या आत धुमसतो, जाळ मागून येतो. मी दार बडवले, हाका मारल्या. आतून उत्तर आले नाही. गावातच थांबलेले धरमसिंगभाऊ धावत आले आणि त्यांनी लोखंडी सब्बलीने कडी तोडली. दार उघडताच हवा शिरली आणि भडका झाला. पेट्रोलची टाकी नंतर पेटली. मामाजी आत धावत होते, त्यांना चौघांनी दाबून धरले.

पतींची ओळख कशावरून पटवली असे विचारण्यात आले. उंचीवरून.

झोपेत धुराने आधी गेले असावेत, असे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे आहे. यावर माझा विश्वास आहे. तो ठेवल्याशिवाय मला जगता येणार नाही.

आता गावात काय बोलले जात आहे त्याबद्दल सांगते. दाराला आतून कडी होती, पेट्रोल होते, कापूस पडून होता, म्हणून गोविंदाने स्वतःला जाळून घेतले असे लोक म्हणतात. आमच्याकडे माणूस मेला की आधी तेच विचारतात. ज्यांनी तसे केले त्यांना मी नावे ठेवत नाही, श्रावणभाऊ चांगले होते. पण माझ्या नवऱ्याने तसे केले नाही. ज्याला मरायचे तो चहाला उठव म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्या गाडीवर उमरखेडला माझ्या आईकडे जाणार होतो. समोर सुतक होते म्हणून गावाबाहेरून बसायचे ठरले होते. मी पिशवी भरून ठेवली होती. ती अजून तशीच आहे.

गावातल्या जाणत्या माणसांनी मला समजावले की, आत्महत्या लिहून दे, सरकारी मदत मिळेल, साऱ्यांचे भले होईल. त्यांची नावे सांगायची मला गरज वाटत नाही. मैनाबाई मात्र माझ्या घरी येऊन म्हणाल्या, "खोटं नोको लिहू बाई. त्या शबदासंगं राहाणं लय जड जाते."

मामाजींनी मात्र काल मला आत्महत्याच लिहायला सांगितले. तीन दिवसांत ते पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "त्यानंच जीव देल्ला असं लिही, पोरी. नाही तं मी मारला त्याले. मीच म्हटलं होतं, अंदर घे म्हणून." ते रडत नव्हते, जमिनीकडे पाहत होते. त्यांचा मला फार राग आला आणि त्याच वेळी त्यांना पोटाशी धरावेसे वाटले. मी त्यांना म्हणाले, "मामाजी, तुमच्या शबदानं ते गेले, हे मी सोसीन. पन मले कटाळून गेले, हे मले नाही सोसत." आज ते माझ्याबरोबर बसने ठाण्यात आले आहेत.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझ्या पतींचे मरण अपघाती आहे आणि ते तसेच लिहावे, एवढेच मागणे आहे.

हा मजकूर हवालदार साहेबांनी मोठ्याने वाचला. बाकावर बसलेल्या मामाजींनीही तो सगळा ऐकला, गाडी आत घ्यायला त्यांनी सांगितले तो भागही. मी बोलले तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करते. साक्षीदार म्हणून कोणाची सही घ्यायची, असे साहेबांनी विचारले. मी बाहेर उभ्या असलेल्या धरमसिंगभाऊंना हाक मारणार होते. तेवढ्यात मामाजी उठून टेबलापाशी आले आणि म्हणाले, "माही घ्या. मी होतो तिथं."