पुढच्या सहा प्लेटा

...आणि रंग! रंगसुद्धा विचारला हो त्याने मला! लाल हवा की निळा? अरे, मी काय पडद्याचं कापड घ्यायला आलोय? तुम्हाला सांगतो, मला फक्त ट्रॅक्टर घ्यायचा होता. लहानसा. आमची लिंबाची बाग आहे, सगळी उतारावर, मोठा ट्रॅक्टर दोन ओळींत शिरला की दोन्हीकडच्या फांद्या मोडूनच बाहेर येतो, म्हणून छोटा. चार चाकं, एक इंजिन, एक सीट. जायचं, सही करायची, त्याच्यावरच बसून घरी यायचं. जेवायला परत येतो, असं घरी सांगून निघालो होतो... आणि घरी सांगितलं, हीच चूक झाली. आमची बायको पदर खोचत बाहेर आली नि म्हणाली, "थांबा, मी पण येते."

आता हिचा आणि ट्रॅक्टरचा संबंध काय? जुना ट्रॅक्टर एकवीस वर्षं दारात होता, त्याच्याकडे हिने कधी धड पाहिलं नाही. हिच्या लेखी तो म्हणजे नुसता आवाज आणि कपड्यांना डिझेलचा वास! म्हटलं, चल, तेवढंच फिरणं होईल. तर बाईसाहेबांच्या पिशवीत वही! वरच्या पानावर नीट रेघ मारून लिहिलेलं, 'ट्रॅक्टर'. आणि खाली प्रश्न. नंबर घालून!

शोरूममध्ये शिरलो. सगळीकडे काच, सगळ्या सीटांवर प्लास्टिक, आणि एक चष्मेवाला सेल्समन, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. "या साहेब, या वहिनी, बसा, आधी आपण ऑप्शन बघू." म्हटलं, ऑप्शन कसले, ट्रॅक्टर दाखवा. तर म्हणाला, "साहेब, ट्रॅक्टर हा शेवटी येतो!" आणि तक्ताच काढला. दोन चाकांना ताकद की चारही चाकांना? स्टिअरिंग साधं की पॉवरचं? टायर रुंद की अरुंद? छत? ट्रॅक्टर उलटला तर वाचवायला सीटमागे लोखंडी कमान, सीटला पट्टा? दिवे पुढे दोन की मागेही एक? मी आपला प्रत्येकाला "साधं, साधं, साधं" म्हणतोय... जन्म साध्यावरच काढला ना! आणि मग ही वहीतून मान वर काढते आणि विचारते, "ते सगळं राहू द्या. वजन किती?"

सेल्समन गोंधळला. "कुणाचं, वहिनी?"

"ट्रॅक्टरचं! पुढचं. पुढे वजन किती आहे?"

मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं! आजूबाजूला चार गिऱ्हाईकं बसलेली. मी हळूच म्हटलं, "अगं, भाजी आहे का ती?" तर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सेल्समन मात्र खूष. त्याला जन्मात पहिल्यांदा कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता बहुतेक. त्याने आतून मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणजे पन्नाशीचा, कोपरापर्यंत ग्रीस, हात पुसत पुसत आला. त्याने समजावलं, "वहिनी, मागे फवारणीची टाकी लावली की ट्रॅक्टर मागे दबतो, पुढून हलका होतो. चढावर तर नाकच उचलतो. म्हणून पुढे बंपरला या लोखंडी प्लेटा अडकवायच्या. एक प्लेट वीस किलोची."

"वीस म्हणजे आपल्या लिंबाच्या एका क्रेटएवढं," ही म्हणाली आणि लिहून घेतलं. "आमची टाकी तीनशे लिटरची. म्हणजे नुसतं पाणीच तीनशे किलो. पंपाचं वेगळं. मग प्लेटा किती?"

"चार चालतील."

"आठ द्या."

"अगं, आठ?" मी ओरडलोच. "त्याला चालायचंय की जहाजासारखं नांगर टाकून बसायचंय?" तुम्हाला सांगतो, मला फक्त ट्रॅक्टर घ्यायचा होता हो! आणि इथे बाजार भरला होता वजनाचा. मिस्त्री म्हणे, "आठ नको, पुढच्या आसालाही सोसायला हवं." ही म्हणे, "मग सात." मिस्त्री म्हणे, "सहा, त्यावर नाही." ही म्हणे, "आणि मागच्या टायरात पाणी भरतात म्हणे, ते?" हे हिला कुठून कळलं? मी विचारलं, तर म्हणाली, "विचारलं चार जणांना." कधी? कुणाला? मिस्त्री म्हणाला, "ते भरू आपण, ट्रॅक्टर जमिनीला धरून राहतो. पण नाक उचलायचं थांबवायला वजन पुढेच पाहिजे."

आणि मग त्या मिस्त्रीने, हात पुसता पुसता, सहज, माझ्याकडे वळून विचारलं, "साहेब, जुना कधी उचलला होता का पुढून?"

मी म्हटलं, "छे! कधीच नाही. एकवीस वर्षांत एकदासुद्धा नाही."

"उचलला होता," ही म्हणाली.

...

तुम्हाला सांगतो, त्या शोरूममध्ये तेवढ्यात कोणीतरी पंखा बंद केल्यासारखं झालं मला. आता तुमच्यापासून काय लपवायचं... उचलला होता. गेल्या वर्षी. टाकी काठोकाठ भरलेली, चढ, मी जरा जोरात क्लच सोडला, आणि पुढची दोन्ही चाकं हवेत. समोर झाडं नाहीत, रस्ता नाही, नुसतं आभाळ! मी उडी टाकली, ट्रॅक्टर धाडकन खाली येऊन बंद पडला, आणि माझा गुडघा गेला. घरी सांगितलं, बांधावरून पाय घसरला. काय सांगणार? एकवीस वर्षं चालवतोय म्हणून मिशीला पीळ देणारा माणूस मी! महिनाभर हिने गुडघा शेकला, पट्टी बांधली, रोज एकच म्हणायची, "जपून चालत जा हो बांधावरून."

मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?"

"मी बागेतल्या हौदापाशी होते. पाइप धूत होते. चौथ्या ओळीत चढलात तुम्ही." वहीकडे बघत बोलत होती, जणू तेही लिहिलेलं वाचत होती. "चाकं वर गेली, तेव्हा मी ओरडले, पण आवाजच फुटला नाही. मग तुम्ही पडलात. आणि उठल्याबरोबर इकडे पाहिलंत, तिकडे पाहिलंत... कोणी बघितलं का म्हणून. तशी मी झाडामागे बसले."

"अगं, पण... मदतीला यायचं सोडून?"

"उठून उभे राहिलात ते बघितलं ना मी. मग बसले. तुम्हाला कोणी बघितलेलं नको होतं ना."

मला भांडायचं होतं, पण भांडायला पकडू कुठे? आणि मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. त्या दिवसापासून, फवारणी असली, की हिला नेमका तेव्हाच हौद घासायचा असायचा. मी म्हणायचो, अगं, काल तर घासलास! किती चकाचक हौद लागतो तुला? वर्षभर घासला हो तिने तो हौद. तळाचा सिमेंटचा थर निघायला आला! आणि मी मूर्ख, मिश्कीलपणे म्हणत होतो, "बाईला हौदाचं वेड लागलंय."

सेल्समन चष्मा पुसत होता. मिस्त्री छताकडे बघत होता. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "सहा प्लेटा लिहा. टायरात पाणी. ती कमान आणि पट्टाही लिहा." मग म्हटलं, "आणि पॉवर स्टिअरिंग. पुढे एवढं वजन म्हटल्यावर वळवायला जड जाणार." सगळं साधं म्हणणारा मी! सेल्समन तक्त्यावर खुणा करत सुटला, भराभरा, मी परत साध्यावर येईन या भीतीने. हिने फक्त वही मिटली आणि पिशवीत ठेवली. पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मी प्यायलो.

आठ दिवसांनी ट्रॅक्टर आला. मिस्त्री स्वतः आला सोबत. टाकी लावली, हिच्या हुकमाने अर्धीच भरली, मी पट्टा बांधला, आणि चौथ्या ओळीत चढवला. नाक जागचं हललं नाही! वर जाऊन खाली आलो, मोठ्या ऐटीत म्हटलं, "झालं समाधान?"

तर म्हणाली, "उतरा. आता मला शिकवा."

मी हसलो. मिस्त्री हसला नाही. म्हणाला, "वहिनी, या, डावा पाय क्लचवर." अहो, मी काही म्हणायच्या आत वर चढून बसलीसुद्धा! पट्टा बांधला, सीट पुढे ओढली, आणि निघाली हो... मी हौदापाशी उभा. ती चढायला लागली. माहीत होतं, प्लेटा आहेत, टाकी अर्धी आहे, मिस्त्री शेजारून चालतोय. सगळं माहीत होतं! तरी मी पुढच्या चाकांखाली फट दिसते का, ते वाकून वाकून बघतोय, आणि घशातून शब्द निघेना. एवढं तीन मिनिटांत. तिने तर वर्ष काढलं होतं.

खाली आली, घामाने डबडबलेली, चेहरा फुललेला. "सोपं आहे की!" म्हणाली. "तुम्ही उगाच एवढं मोठं करून सांगायचात."

त्यालाही आता चार महिने झाले. परवा त्या सेल्समनचा फोन आला, "साहेब, कसा काय चाललाय ट्रॅक्टर? वळायला हलका आहे ना? चढाला ओढतो ना?"

म्हटलं, "बाबा रे, ते सगळं वहिनींना विचार. मला तो फक्त रविवारी धुवायला मिळतो."