अकरावी सळई

दत्तोपंत : परत मोज, गोरोबा. हणमंतप्पा साखळी ओढत पुढं गेला, दर शंभर फुटांवर एक सळई रोवत. त्याच्याजवळ दहाच होत्या. तू मागचं टोक धरून त्याच उपटत आलास. मग अकरा कुठून आल्या?

गोरोबा : तीनदा मोजल्या साहेब. अकराच हायेत.

दत्तोपंत : अरे, वीस वर्षांचा आराखडा आहे हा! स्टँडपासून बाजारापर्यंत साठ फुटी रस्ता, दोन्ही अंगांना दुकानं, मागं शाळा. सोमवारी नकाशा पुण्याला जायचाय, आणि तुमचा हा घोळ!

गोरोबा : घोळ न्हाय. दहा सळ्या रस्त्याच्या वळीत हुत्या. अकरावी बाजूला, त्या बुजवलेल्या आडापाशी. कालच्यावानी.

दत्तोपंत : कालची मी पेटीत कुलूप लावून ठेवलीय.

गोरोबा : बघा की मग पेटी.

(दत्तोपंत पेटी उघडतात.)

दत्तोपंत : नाहीये... किल्ली माझ्या जानव्याला आहे रे!

गोरोबा : परवा बी हुती. म्याच लांब भिरकावली. तुमाला बोललो न्हाय.

दत्तोपंत : का?

गोरोबा : तिची चिंधी बघा. आपल्या सळ्यांना तांबडी, हिला हिरवी. येरमाळ्याच्या जत्रेतलं आयचं लुगडं हुतं, त्यातली. बंडप्पादादाला तिनं फाडून दिलती. निजामाच्या मोजणीत दादा साखळीचं पुढलं टोक ओढायचा, म्या मागलं धरायचो. लई बारका हुतो.

दत्तोपंत : आता कुठं असतो तो?

गोरोबा : पोलीस ॲक्शनच्या साली मोजणीवर गेला, त्यो गेलाच. बारा वर्सं झाली. त्या दिशी मला ताप हुता साहेब. मागलं टोक धरायला म्या नव्हतो.

दत्तोपंत : बारा वर्षं! या चिंधीचा तर रंगही विटला नाही. आड कधी बुजवला?

गोरोबा : त्याच महिन्यात. पाण्याला वास सुटला म्हणून.

दत्तोपंत : आणि कुणी आत वाकून बघितलं नाही?

गोरोबा : तवा कोण कुणाकडं बघत हुतं?

दत्तोपंत : मग उकरू. नकाशा दोन दिवस उशिरा गेला तर गेला. साठ फुटांत आडही येतो; एकदा त्यावर डांबर पडलं की संपलं.

गोरोबा : नगा साहेब, पाया पडतो! वैनी अजून कुंकू लावतीया. आय रोज एक भाकर जादा थापतीया. दादा आडात निघाला तर त्या दोघींपुढं म्या कसा उभा ऱ्हाऊ? जाऊ द्या रस्ता सरळ.

दत्तोपंत : त्याच्या अंगावरून रोज एसटी गेलेली चालेल तुला?

गोरोबा : न्हाय चालणार. पर ‘उकरा’ असं माझ्या तोंडातनं निघत न्हाय बघा.

दत्तोपंत : बरं, रडू नकोस. शेवटचं एकदा मोजू. धर टोक. हणमंतप्पानं दोन हिसके दिले की पुढं व्हायचं, नेहमीसारखं.

गोरोबा : धरलं... आले, दोन हिसके आले. चला.

दत्तोपंत : थांब. हणमंतप्पा तर तिकडं लिंबाखाली पाणी पितोय.

गोरोबा : व्हय.

दत्तोपंत : मग साखळी कुणी ताणलीय? गोरोबा, सोड ते टोक! सोड म्हणतो ना!

गोरोबा : हणमंतप्पाचा हिसका कसा, हात उखडतो. ह्यो दमानं आला. म्या पडंन म्हणून दादा असाच द्यायचा.

दत्तोपंत : अरे, ती वळतेय... आडाकडं वळतेय रे.

गोरोबा : साहेब, जरा हे टोक धरता का? ढिलं सोडू नगा. म्या आयला आन् वैनीला घिऊन येतो.