हलू नका, लाल आहे!

अहो, मी काय दगाआबांना चौकाच्या मधोमध गाडी थांबवा म्हणालो होतो?... म्हणजे म्हणालो होतो, नाही असं नाही, पण का म्हणालो ते तरी विचाराल की नाही? बैल चालतायत, गाडी चालतेय, आबांचा पटका वाऱ्यावर उडतोय, आणि माझा कॅमेरा कसला, तर तीन पायांवर उभा राहणारा, डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचा, सुरतेत कुणीतरी वापरून टाकलेला! त्यात हललेला माणूस धुरासारखा येतो. आता धुराला दंड कसा करणार, तुम्हीच सांगा! म्हणून ओरडलो, "आबा, हलू नका, लाल आहे!" आबा थांबले. बैल थांबले. आणि थांबलेच आहेत तर म्हटलं पटका जरा सरळ करावा, मान थोडी डावीकडं, हां, मिशीवरून एकदा हात फिरवा, बैलाचं तोंड इकडं घ्या... मागं टांगे, सायकली, लाकडं भरलेला ट्रक, सगळे खोळंबलेले, आणि हवालदार करणसिंग शिट्टी फुंकून फुंकून जांभळा झालेला!

तुम्हाला सांगतो, कलावंतानं सरकारी कामात पडू नये!

मी मोतीलाल. कोरीटची शेती भावाच्या गळ्यात घालून, छकडा आणि बैल तेवढे स्वतःकडं ठेवून तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओ काढलेला शहाणा. मागं पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात दोन हंस, त्यातल्या एकाचं रंगाऱ्यानं बदक केलेलं. गोष्ट साठ-बासष्टच्या पुढची, आपला जिल्हा तेव्हा धुळे. आमच्या वाहतूक शिस्त समितीचे अध्यक्ष मुंबईला जाऊन आले आणि तिथले लाल-हिरवे दिवे बघून त्यांची झोप उडाली. आल्या आल्या लोहाराला बोलावलं. नवापूरचा रस्ता आणि बाजाराचा रस्ता जिथं एकमेकांना कापतात तिथं एक खांब रोवला, खांबावर पत्र्याची चौकोनी पेटी, दोन बाजू लाल, दोन बाजू हिरव्या, खाली एक दांडा. करणसिंगनं दांडा फिरवला की इकडचं लाल तिकडं. आत वात नाही, तेल नाही, पण सगळे म्हणायचे 'दिवा'!

आता दिवा झाला, पण ऐकतो कोण? करणसिंगनं धरून आणलेला प्रत्येक माणूस समितीपुढं उभा राहून शपथेवर सांगायचा, "मी? मी ते त्या दिनले धडगावले व्हतू!" धडगाव! डोंगरावरचं गाव, जायला यायला दिवस मोडतो, खात्री करायला जाणार कोण? अख्खा तालुका त्या दिवशी धडगावला! शेवटी अध्यक्ष टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "पुरावा पाहिजे! फोटो काढा!" आणि सगळ्यांच्या माना वळल्या माझ्याकडं. मी काय केलं? नाही म्हणालो? छे! दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लावली, 'मोतीलाल, समितीचे अधिकृत छायाचित्रकार'. अधिकृत हा शब्द तर मी रंगाऱ्याकडून लाल रंगात घालून घेतला.

तर दगाआबांचा पहिला फोटो. काय फोटो आला हो! मिशीचा केस न् केस वेगळा. बैलाच्या डोळ्यात चौक दिसतोय! समितीपुढं ठेवला. आबांनी हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "अध्यक्षसाहेब, देखा बरं, गाडी चाली ऱ्हायनी का उभी शे?" अध्यक्ष म्हणाले, "उभी दिसते." "मंग लाल दिवाले मी उभाच ऱ्हायनू ना? दंड कसाना?"

झालं! अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. मी हंस-बदकाकडं बघावं तसं छताकडं बघितलं. तेवढ्यात आबांनी दुसरा बाण काढला, "आनि यामा लाल कोठे शे? हाई ते काळं दिसी ऱ्हायनं!" खरंच की! फोटो काळा-पांढरा, त्यात लाल पण काळं आणि हिरवं पण काळं! समितीनं मग पेटीवर पांढऱ्या अक्षरात 'लाल' आणि 'हिरवा' असं लिहून घेतलं. आबा सुटले. जाता जाता मला म्हणाले, "भाऊ, एक फोटू मन्हा घरले देजो." दिला. एवढा सुंदर फोटो, ठेवून काय करणार होतो मी? कलावंतानं सरकारी कामात...

आणि तिथंच घात झाला. आबांनी तो फोटो गावात घरोघर फिरवला. तुम्हाला सांगतो, त्या काळात माणसाचा जन्मात एखादा फोटो निघायचा, तोही निघाला तर! आणि इथं चौकात लाल दिवा मोडला की फुकट, वर पटका सरळ करून देणारा माणूस हजर! पुढच्या आठवडी बाजारापासून लोक नटून यायला लागले. नवी धोतरं, कडक टोप्या, अंगावर दागिने, कडेवर काजळ घातलेली पोरं... हिरव्याला थांबायचे हो! हिरवा असताना बाजूला उभे राहून लाल व्हायची वाट बघायचे, आणि करणसिंगनं दांडा फिरवला रे फिरवला की, चला! सगळं कुटुंब चौकात ओळीनं उभं! एक नवरदेव वाजंत्र्यासकट आला. करणसिंग मला म्हणतो, "ओ फोटोग्राफर, हाई काय लगीनघर शे?" समितीनं घाबरवायला म्हणून बोर्ड लावला, 'येथे दिवा मोडणाऱ्याचा फोटो काढला जाईल'. लोकांना आधी जागा विचारत यावं लागायचं, बोर्डामुळं ती सोय झाली!

आणि मी? मी खूश! स्टुडिओत माशा बसल्या होत्या, पण मी चौकात सायेब. हसा, म्हटलं की तालुका हसायचा. हलू नका, म्हटलं की रस्ता थांबायचा. माणसाला आणखी काय लागतं?

मग भटू आला. भटू म्हणजे आमचा दूधवाला, सायकलला दोन्ही बाजूंना कॅन, भरधाव येणारा. त्या दिवशी लाल होतं. त्यानं लांबूनच मला बघितलं. मी कापडातून डोकं बाहेर काढून नेहमीच्या सवयीनं हात वर केला... आणि भटू हसला. माझ्याकडं बघून, मान डावीकडं करून, असा छान हसला हो! समोर केळीच्या घडांची गाडी होती. ती त्यानं बघितलीच नाही.

केळी, दूध, सायकल आणि भटू. हात मोडला. उजवा. मी धावत गेलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि भटू डोळे उघडून काय विचारतो? "भाऊ, फोटू कसा उना?"

नाही, हसा तुम्ही. मलाही आता हसू येतं. त्या दिवशी नाही आलं. त्याची बायको सुंदरबाई दवाखान्याच्या दारात उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, "फोटूवाला, मन्हा घरधनीना हात मोडी गया. आते म्हैस कोन दोही? तुम्ही?" मी मान खाली घातली आणि म्हणालो, "मी." आणि गेलो हो! भटूचा हात बसेपर्यंत सकाळ-संध्याकाळ गेलो. म्हशीखाली बसलो, म्हटलं, हलू नको. अख्ख्या तालुक्यात माझं 'हलू नका' न ऐकणारी ती एकटीच निघाली. तिची लाथ अजून पावसाळ्यात ठणकते.

समितीची सभा बसली. करणसिंग म्हणाला, "दिवावर लोके पडनात नही, कॅमेरावर पडनात! कॅमेरा काढी टाका!" पण अध्यक्षांना मुंबईची आठवण सोडवेना. ते म्हणाले, कॅमेरा राहील, पण कॅमेऱ्यालाच नियम लावू! झालं, दिव्याचा नियम मोडणारे बाजूला राहिले आणि नियम माझ्यावर सुरू! यापुढं छायाचित्रकारानं समोर दिसायचं नाही, लपून बसायचं. फोटो पाठीमागून काढायचा, म्हणजे कुणी हसणार नाही. हसा म्हणायचं नाही, हलू नका तर मुळीच म्हणायचं नाही, पटक्याला हात लावायचा नाही. गुन्हेगाराला फोटोची प्रत द्यायची नाही. मी विचारलं, "साहेब, पाठीमागून माणूस ओळखणार कसा?" अध्यक्ष म्हणाले, "माणूस नका ओळखू, गाडी ओळखा. गाडी ज्याची, दंड त्याचा! हाकणारा कुणी का असेना." आणि मग चष्मा काढून हळूच म्हणाले, "मोतीलाल, आता एक तरी फोटो नियमात बसू द्या. नाहीतर दुकानावरची ती पाटी उतरवा."

पाटी उतरवा! म्हणजे उद्यापासून मी परत बदकवाला!

दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या दुकानात, लोंबत्या लेंग्यांच्या मागं कॅमेरा लावून बसलो. आत उकाडा, वर काळं कापड, घाम डोळ्यात. लोक यायचे, लाल मोडायचे, इकडं तिकडं मला शोधायचे, मी दिसलो नाही की तोंड पाडून परत जायचे, पण चालता चालता! हललेल्या पाठी! सगळा धूर! दिवसभर नुसता धूर! आणि उन्हं कलायला लागली तेव्हा एक छकडा लाल दिव्यात घुसला आणि चौकाच्या बरोब्बर मध्यात आपणहून थांबला. कुणी सांगितलं नाही, हलू नका म्हटलं नाही, आणि मूर्तीसारखा थांबला! कासरा बाईच्या हातात. पाठीवर ऊन, अंबाड्यात अबोलीचा गजरा, पदर नीट, मान ताठ. कापडाखालच्या काचेत चित्र उलटं दिसतं, डोकं खाली पाय वर, त्यामुळं कोण आहे कळायला मार्ग नाही, पण उजेड असा पडलेला... मी श्वास धरला. घेतला फोटो! ती बाई बराच वेळ तशीच थांबली, समोर बघत. मग करणसिंगनं हाकललं तेव्हा गेली.

स्टुडिओत अंधार केला, लाल दिवा लावला. खरं म्हणजे गावातला खरा लाल दिवा तेवढाच. फोटोची काच औषधाच्या पाण्यात हलवतोय, हळूहळू चित्र उमटतंय, आणि मला शिंग दिसलं. डावीकडच्या बैलाचं मोडकं शिंग. अरे, हा तर आपला बैल! चाकाची नवी लोखंडी धाव, ती मीच बसवून घेतलेली. अरे, हा तर आपला छकडा! आणि मग, तुम्हाला सांगतो, लाज वाटते सांगायला, मग सगळ्यात शेवटी मी बायको ओळखली.

घरी गेलो. वत्सलाबाईनं ताट वाढलं. गजरा काढून कोनाड्यात ठेवलेला. मी म्हटलं, "आज चौकात..." तर म्हणाली, "आख्खा तालुकाना फोटू पुढून काढा तुम्ही. आपला लगीनना बी फोटू नही. म्हनीसन मी उनी. मन्हा वखतले तुम्ही कोठे व्हतात?"

काय सांगू? लेंग्यांच्या मागं होतो म्हणू?

दुसऱ्या दिवशी समिती. रात्रभर विचार केला, काच फोडून टाकावी. कुणाला कळणार? पाटी जाईल, जाऊ दे. पण काच हातात घेतली की ती मान दिसायची, तो गजरा दिसायचा... फोडायची कशी हो? माझ्या हातून एवढा चांगला फोटो त्याआधी निघाला नव्हता! दिला समितीला. कलावंतानं सरकारी कामात पडू नये, आणि पडला तर बायकोला तरी आधी सांगावं!

अध्यक्षांना आनंद मावेना. "वा! मागून! न हललेला! 'लाल' अक्षर स्वच्छ! पहिला फोटो नियमात बसला! मोतीलाल, गाडी कुणाची?"

मी म्हणालो, "...माझी."

मग करणसिंगनं आयुष्यात पहिल्यांदा मला कडक सलाम ठोकला. फोटो काढणारा मी, साक्षीदार मी, आरोपी मी! समितीच्या अख्ख्या कारभारात दंड झालेला माणूस एकच, अधिकृत छायाचित्रकार!

मी दंड भरतोय तेवढ्यात दारातून आवाज. वत्सलाबाई! दाराबाहेरून सगळं ऐकलेलं, आता भर समितीत उभी. माझ्याकडं बोट करून म्हणाली, "अध्यक्षसाहेब, गाडी यासनी, गुन्हा यासना, दंड यासले. यासले फोटू देऊ नका. पन फोटू ते मन्हा शे ना? मन्हा माले द्या." अध्यक्षांनी नियम वरून वाचला, खालून वाचला, आणि फोटो तिच्या हातात दिला.

पुढं पावसाळ्यात तो खांब गंजून वाकला, अध्यक्ष बदलले, मी पाटी स्वतःच उतरवली. त्यानंतर बायकोला कितीदा म्हटलं, बस, समोरून काढतो, मनासारखा काढतो. म्हणते, "ऱ्हाऊ द्या. हाऊच बरा शे. यामा तुम्ही 'हसा' म्हनं नही."

तर फोटो आमच्या ओसरीवर लावलेला आहे, काचेच्या चौकटीत. येणारा-जाणारा बघतो, कौतुक करतो, आणि हमखास विचारतो, "मोतीलालभाऊ, एवढे नावाजलेले फोटोग्राफर तुम्ही, आणि वहिनींचा चेहराच नाही?"

काय सांगणार? सांगतो, "चेहरा नियमात बसत नव्हता."