पोरीनं मले नाही, बाईले सांगितलं

मंडळी, मले भाषण येत नाही. पण मालतीबाईबद्दल आज सारे चांगलं बोलतीन, अन् मीच गप्प बसली तर बरं नाही दिसणार.

मी सुनंदा. रूपालीची आई. रूपाली चौथीत बाईच्या वर्गात होती. तिचे बाबा तिरोडीच्या खदानीत कामाले, महिना महिना घरी येत नव्हते. एकदा रूपालीले खरंच ताप आला, तर त्याच दिवशी आले. चार दिवस राह्यले. ते मी डोक्यात ठेवलं. मग मीच तिले सांगू लागली, "बेटा, पोट दुखते म्हण. बाबा येतीन." ती म्हणायची. बाबा यायचे. डॉक्टर सुई द्यायचे. सुई देताना ती माह्याकडे पाहायची, अन् मी दुसरीकडे.

शाळेत बाईनं विचारलं, "रूपा, नेमकं कुठं दुखते?"

ती म्हणाली, "आईले विचारा. तिले माहीत आहे."

बाईनं तिच्याकडून सारं काढून घेतलं, अन् त्याच संध्याकाळी घरी आल्या. चहाले नाही म्हणाल्या. "सुनंदा, नवऱ्याले बोलवायचं तर तू बोलाव. पोरीले काहून आजारी पाडतेस?"

मी म्हणलं, "माही पोरगी आहे."

"हौ, तुहीच आहे. म्हणून तर ती तुले नाही म्हणू शकत नाही."

त्यांच्यासमोर मले फोन लावा लागला. नवऱ्याले खरं सांगितलं. ते आले, अन् दोन दिवस माह्याशी बोलले नाही. बाईनं रूपालीले सांगितलं, "पुन्हा कोणी असं म्हणायले लावलं, तर माह्याकडे यायचं."

सुया बंद झाल्या. पण पोरगी बाईकडेच जाऊ लागली. पहिली पाळी आली, बाईले सांगितलं. नर्सिंगले जायचं ठरवलं, बाईले सांगितलं. मले मागून समजायचं. मी जळत होती, मंडळी. बाईचं नाव निघालं की भांडे आपटत होती. चूक माही होती, तरी जळत होती.

परवा बाई गेल्या. रूपाली गोंदियाहून आली, अन् सरळ त्यांच्या घरी गेली. त्यांच्या पायाशी बसून रडली. मी दारात उभी होती. खरं सांगते, तेव्हाही माह्या मनात आलं, मी मेली तर ही इतकी रडन काय?

रूपाली, तू मागं बसली आहेस. तू त्यांच्याकडे गेलीस, ते बरंच केलंस.

बाई, तुमचा हेवा माह्या मनातून जाणार नाही. तरी तुमच्या पाया पडते. माही पोरगी तुम्ही राखली.

मंडळी, उभे राहा. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.